वेळासची खतावणी

रायगड जिल्ह्यातील बागमांडले आणि रत्नागिरी जिल्ह्यातील वेसवी या दोन गावांमध्ये सावित्री नदीची खाडी पसरलेली आहे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर अशा मार्गाने आलेली वाहने बागमांडल्याच्या धक्क्यावर थांबतात आणि फेरीबोटीसाठी रांग धरतात. मोटारी, दुचाक्या, भाजीचा एखादा टेंपो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांच्या सहलींच्या बस. पलीकडे जायला पाव तास लागतो. उजव्या हाताला जेथे खाडी समुद्राला मिळते, तेथे बाणकोटचा किल्ला दिसतो. वेसवीला उतरून बाणकोटवरून गेलेला रस्ता डोंगराच्या कडेकडेने वेळासला पोहोचतो. मंडणगड तालुक्यातील हे लहानसे गाव गेल्या दोन दशकांत एका पाहुण्यामुळे महाराष्ट्रभर माहीत झाले. हा पाहुणा समुद्रातून येतो, रात्री येतो आणि तासाभरात निघूनही जातो.

मार्चमधील एका शनिवारी दुपारी अशाच एका बसमधून आठवीचे बत्तीस विद्यार्थी आणि चार शिक्षक वेळासला उतरले. शाळा पुण्याच्या बाजारपेठेच्या भागातील. मुले बहुतेक व्यापारी घरांतील. कोणाचे कापडाचे दुकान, कोणाची भांड्यांची पेढी, कोणाच्या वडिलांकडे वेफर्स-बिस्किटांची एजन्सी. सहलीची कल्पना विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमची. पालकसभेत ती मांडली तेव्हा एका पालकांनी विचारले होते, कासव पाहायला इतक्या लांब कशाला जायचे, प्राणिसंग्रहालयात नाही का? मॅडमनी उत्तर दिले, कासव पाहायला नाही, वाट पाहायला जायचे आहे. त्या वेळी हे उत्तर कोणालाच फारसे पटले नव्हते.

त्यांचीही एक अडचण होती. पर्यावरण हा विषय शाळेत येऊन बराच काळ लोटला. त्याचे पुस्तक आहे, प्रकल्पवही आहे, गुणही आहेत. जागतिक तापमानवाढीवर मुले दोन पाने सहज लिहितात. जून महिन्यात पर्यावरण दिनाला शाळेच्या प्रवेशद्वाराशी पृथ्वीचा मोठा गोल ठेवला जातो, तो थर्माकोलचा असतो आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. आपण जे लिहितो त्याचा आपल्या घराशी, दुकानाशी, डब्याशी काही संबंध आहे, असे मुलांना वाटतच नाही. वेळासला मात्र हवामान, वन्यजीव आणि माणसाचा पोटापाण्याचा व्यवहार एकाच किनाऱ्यावर, एकाच वेळी पाहायला मिळतात. मॅडमनी मुलांना एकच वस्तू आणायला सांगितली होती, ती म्हणजे हिशेबाची लांबट वही. व्यापाऱ्यांच्या घरी तिची वाण नसते.

वहीचा विषय निघालाच आहे, तर एक योगायोग सांगायला हरकत नाही. वेळास हे पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे, म्हणजे भानू घराण्याचे मूळ गाव. फडणीस हा हिशेबाच्या दप्तराचा अधिकारी. दौलतीचा जमाखर्च त्याच्या नजरेखालून जायचा. त्याच गावात आज समुद्रकासवांच्या अंड्यांची नोंदवही इतक्या काटेकोरपणे ठेवली जाते, की जुन्या फडणिसांनीही मान डोलावली असती.

या वहीचा आरंभ २००२ सालचा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते. वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशीअंती कळले, की येथे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात आणि ती अंडी माणसे उकरून नेतात. माणसांच्या हातून सुटलेली कोल्हीकुत्री फस्त करतात. हे कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. परंतु रात्री दोन वाजता निर्जन किनाऱ्यावर कायदा उभा राहात नाही, तेथे माणूस उभा राहावा लागतो. संस्थेने गावातील माणसांनाच सोबत घेतले. ज्यांना अंडी कोठे सापडतात हे नेमके ठाऊक होते, त्यांचेच ज्ञान राखणीसाठी उपयोगी पडले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांना गावकऱ्यांनी आपल्या घरी उतरवायचे, जेवू घालायचे आणि त्याचे पैसे त्या घराला मिळायचे, अशी ही व्यवस्था आहे. पुढे वन खात्याने हे काम किनाऱ्यावरील अनेक गावांत नेले. वेळासमध्ये अंड्यांपेक्षा पिल्लांची किंमत जास्त झाली, हा या साऱ्याचा व्यापारी भाषेतील अर्थ. संवर्धनाचा विचार करणाऱ्या पुष्कळ लोकांना ही भाषा रुचत नाही. पण ज्या गावात पोफळीच्या बागेखेरीज उत्पन्नाचे साधन थोडे, तेथे उपदेशापेक्षा ही व्यवस्था अधिक टिकली, हे मान्य करावे लागते.

जांभ्या दगडाच्या पाखाडीतून मुले आपापल्या मुक्कामाच्या घरी गेली. दोन्ही बाजूंना माड-पोफळीच्या वाड्या, त्यांत खेळणारे पाटाचे पाणी, शेणाने सारवलेली अंगणे. घरच्या काकूंनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुमच्यात कितीजण बटाटा खात नाहीत?” बारा हात वर झाले. काकूंना त्याचे काही वाटले नाही. केळफुलाची भाजी, लसणाशिवाय कुळथाचे पिठले, भात आणि सोलकढी असा बेत त्यांनी आधीच ठरवला होता. प्रश्न दुसराच होता. पिल्ले सोडण्याची संध्याकाळची वेळ साधारण सहाची आणि सूर्यास्तानंतर न जेवणारी पाच-सहा मुले सोबत होती. काकूंनी पाच वाजताच पाने मांडली. “मावळायच्या आत जेवून घ्या नि मग खुशाल किनाऱ्यावर बसा. कासवांना काही घाई नसते,” त्या म्हणाल्या.

गावापासून किनारा पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. वाटेत सुरूचे बन लागते. बन संपले, की एकदम मोकळा, लांबच लांब किनारा दिसतो. तेथे ना दुकान, ना हॉटेल, ना दिव्याचा खांब. मुलांना हे आधी विचित्र वाटले. एकाने विचारलेही, “इथे लाइट का नाही?” बरोबर आलेल्या कासवमित्र काकांनी उत्तर दिले, की नाही म्हणूनच कासव येते. मादी अंधार पाहून किनाऱ्याला लागते. अंड्यातून निघालेले पिल्लू सर्वांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालू लागते. निसर्गात हे उजळ क्षितिज समुद्राचे असते. किनाऱ्यामागे बंगल्यांचे दिवे लागले, की पिल्लू उलट्या दिशेने, माणसांच्या बाजूला चालत जाते आणि सकाळी उन्हाने किंवा कावळ्याच्या चोचीने मरते. दिवा लावणे हे आपल्याकडे नेहमीच पुण्यकर्म मानले गेले आहे. येथे दिवा न लावण्याला तेवढेच मोल आहे, हे ऐकून काही मुलांनी हातातल्या मोबाइलचे विजेरीचे बटण मुकाट्याने बंद केले.

सुरूच्या बनाजवळ जाळीने वेढलेला वाळूचा चौकोन आहे. यालाच येथे हॅचरी म्हणतात. आत ओळीने वाळूचे उंचवटे, प्रत्येकावर एक पाटी आणि काहींवर उपड्या टोपल्या. पाटीवर खड्ड्याचा क्रमांक, अंडी मिळाल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या. मॅडमनी मुलांना जाळीबाहेर उभे केले आणि एवढेच म्हटले, “वाचा.” पाच मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग भांड्यांच्या पेढीवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, ही तर खतावणी आहे. प्रत्येक खड्डा म्हणजे एक खाते.”

काकांनी त्याला खाते कसे उघडते ते सांगितले. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ते आणि त्यांचे सोबती रोज पहाटे किनारा पायी तुडवतात. मादी वाळूवर आली असेल, तर तिच्या वल्ह्यांसारख्या पायांची जोडरेघ उमटलेली असते. ती रेघ जेथे वळते, तेथे आसपास काठीने हलकेच चाचपून पाहायचे. काठी पोकळ जागी सहज आत गेली, की तेथे घरटे असते. खड्डा दीड फूट खोल, वर अरुंद आणि खाली फुगीर, एखाद्या सुरईसारखा. एका खड्ड्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी असतात. टेबल-टेनिसच्या चेंडूएवढी, पण टणक कवचाची नव्हेत तर चामड्यासारखी लवचिक. घातल्यानंतर काही तासांतच ती हलवावी लागतात. एकदा आतला गर्भ कवचाला चिकटला, की अंडे उलटेपालटे झाले तरी जीव जातो. मोजून, न फिरवता, हॅचरीत तशाच सुरईच्या आकाराचा खड्डा करून त्यात ती ठेवायची, वाळू लोटायची आणि पाटी लावायची. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. ती गेल्यावर खड्डा पुन्हा उकरून रिकामी टरफले, न उबलेली अंडी आणि आत मेलेली पिल्ले यांची मोजणी होते. जमा आणि खर्च जुळला पाहिजे.

“आणि समुद्रात गेल्यावर?” एका मुलीने विचारले.

“समुद्रात गेल्यावर आपली वही संपली,” काका म्हणाले. “हजारात एखादे मोठे होते म्हणतात.”

मुलांना हे फार बोचले. हजारात एक हा कोणत्याही धंद्यातला परतावा नव्हे. मॅडमनी त्यांना समजावले, की याच हिशेबावर कासवे कोट्यवधी वर्षे टिकली आहेत. मादी एकेका हंगामात शंभरावर अंडी घालते आणि पुढेही अनेक वर्षे घालत राहते, ती याच तुटीची तरतूद असते. या हिशेबात माणसाने आपली उचल वाढवली तेव्हा तो मोडला. पूर्वी ती उचल अंड्यांची होती, आता ट्रॉलरच्या जाळ्याची आहे. जाळ्यात अडकलेले कासव श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरते. जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट देणारी लोखंडी चौकट बसवता येते. भारतीय बोटींवर ती सर्रास बसवलेली नाही, या कारणाने अमेरिकेने २०१९ पासून भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. कोळंबी हा या मुलांच्या घरचा माल नव्हे. पण गिऱ्हाईक माल कसा आणला हेही विचारू लागले आहे, ही गोष्ट कोणत्याही पेढीवर ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सहाच्या सुमारास टोपल्या उचलण्यास सुरुवात झाली. सतरा क्रमांकाच्या खड्ड्याचे पन्नास दिवस भरले होते, म्हणून सर्वांची नजर त्याच्यावर. काकांनी टोपली उचलली. खाली वाळू तशीच होती. दुसरी, तिसरी, चौथी टोपली. कशाखालीच काही नाही. मुलांच्या तोंडून नाराजीचा मोठा सूर निघाला. दुसऱ्या एका गटातील गृहस्थ तर मोठ्याने म्हणाले, की इतक्या लांबून येऊन हे काय, एखादे तरी उकरून दाखवा. काका हसले, त्यांनी टोपली पुन्हा जागेवर ठेवली. मॅडमनी मुलांना वह्या काढायला सांगून लिहायला लावले: शनिवार, संध्याकाळ, पिल्ले शून्य. एका मुलाला शून्य लिहिणे पटेना. मॅडम म्हणाल्या, “ज्या दिवशी विक्री होत नाही, त्या दिवशीही दुकानाचा रोजमेळ लिहितात ना?”

रात्री गावात कासवांवरचा माहितीपट दाखवला गेला. त्यानंतरच्या गप्पांत काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. २५ जानेवारी २०२२ रोजी याच वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांच्या बाबतीत हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव प्रथमा. दुसरी गोष्ट आणखी नवलाची. ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर, जेथे ही कासवे लाखोंच्या संख्येने येतात, २०२१ साली एका मादीच्या वल्ह्याला ०३२३३ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावला होता. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असे तोवर मानले जात असे. एका बिल्ल्याने ती समजूत डळमळीत केली. साऱ्या भारताला वळसा घालून आलेल्या त्या जिवाची ओळख पटली, ती चार वर्षांपूर्वी कोणीतरी एक नोंद नीट केली होती म्हणून.

रविवारी सकाळी साडेसहाला सगळे पुन्हा किनाऱ्यावर हजर होते. सतरा क्रमांक पुन्हा कोराच होता. पण बाराच्या टोपलीखाली वाळू हलत होती. आधी एक काळसर टोक, मग दोन इवली वल्ही, मग एकामागून एक तेवीस पिल्ले. तळहातावर मावतील एवढी, करड्या-काळ्या रंगाची. काकांनी ती मोजून उथळ टोपलीत घेतली आणि पाण्यापासून काही अंतरावर नेली. किनाऱ्यावर दोन बाजूंना दोऱ्या बांधल्या होत्या. दोरीच्या आत यायचे नाही, हा येथील सक्त नियम. गर्दीला तो जाचक वाटतो. काकांनी कारण सांगितले, की ओल्या वाळूत उमटलेले माणसाचे पाऊल आपल्याला दिसतही नाही, पण पिल्लाला तो खंदक होतो. त्यात ते पडते, उलटे होते आणि पाय मारून मारून थकते. हे ऐकताच मागून एक मुलगा अभावितपणे म्हणाला, “ईर्या समिती!” पाठशाळेत जाणारी मुले हसली. जमीन पाहून, जीव वाचवून पाऊल टाकावे, हे त्यांनी पाठ केले होते. इतक्या उघड रूपात पाहिले मात्र पहिल्यांदाच.

पिल्ले चालू लागली. काही सरळ, काही वाट चुकत. एक लाट आली आणि पुढची सात-आठ घेऊन गेली, दोन परत फेकली गेली. त्यांतले एक पाठीवर उलटले. दोरीजवळ उभ्या असलेल्या मुलीचा हात आपोआप पुढे झाला. काकांनी खुणेनेच तिला थांबवले. पिल्लाने मान ताणून वाळूत रोवली, एक झटका दिला, पुन्हा उलटले. दुसरा झटका. मुलीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. तिसऱ्या झटक्याला ते सरळ झाले आणि पुढच्या लाटेबरोबर दिसेनासे झाले.

ही गोष्ट मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही कठीण जाते. जीवदयेची आपली शिकवण हात पुढे करण्याची आहे. जखमी गायीला पांजरापोळात न्यावे, पाखराला दाणे टाकावे, कसायाच्या दारचे जनावर सोडवावे. ती शिकवण खोटी नाही. पण रानातल्या आणि समुद्रातल्या जिवाच्या बाबतीत ती पुरी पडत नाही. पिल्लाने वाळूवरचे ते अंतर स्वतः चालावे लागते. जन्मकिनाऱ्याची खूण ते पहिल्या काही दिवसांतच मनात साठवते आणि पुढे त्या आधारे परत येते, असे शास्त्रज्ञ मानतात. उचलून पाण्यात सोडले तर आपल्याला पुण्य लागेल, त्याला मात्र वाट लागणार नाही. येथे दया करायची ती आपल्या वाटणीचा दिवा विझवून, पाऊल मागे घेऊन, किनारा मोकळा ठेवून. अशा दयेची छायाचित्रे निघत नाहीत, हीच तिची अडचण.

दहाच्या उन्हात मॅडमनी प्रयोगशाळेतून आणलेला तापमापक काढला. हॅचरीपासून दूर, काकांनी दाखवलेल्या जागी, आधी वरच्या वाळूत आणि मग हातभर खोलीवर तो ठेवला. वर पाय ठरत नव्हता, खाली वाळू गार लागत होती. दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतल्यावर त्यांनी मुलांना अशी गोष्ट सांगितली, जी आठवीच्या पुस्तकात नाही. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे घालताना ठरलेले नसते. उबवणीच्या मधल्या काळात भोवतालच्या वाळूचे तापमान किती आहे, त्यावर ते ठरते. साधारणपणे २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान नर-माद्यांचे मिश्रण मिळते. वाळू त्याहून थंड असेल तर नर अधिक, तापली तर माद्या अधिक आणि फार तापली तर अंडी वायाच जातात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेथील उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या कोवळ्या वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या.

“मग चांगलंच ना? जास्त अंडी मिळतील,” कापडाच्या दुकानातला मुलगा म्हणाला.

“आणि नर कुठून आणणार?”

तो विचारात पडला. पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या मानाने एक अंशाहून अधिक वाढले आहे, हे वाक्य या मुलांनी परीक्षेत कितीदा लिहिले असेल. एक अंश म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. पंखा एका आकड्याने वाढवावा, इतकीच त्याची जाणीव. त्या वाळूत हात घालून बसल्यावर २९ आणि ३१ यांच्यात दोनच अंशांचे अंतर आहे, हे त्यांच्या लक्षात आले. काही देशांत हॅचरीवर सावलीचे कापड ताणतात, वाळूवर पाणी शिंपडतात. ते उपाय काही खड्ड्यांपुरते. किनाऱ्यावर छत घालता येत नाही.

परतताना काकूंच्या वाडीत थांबून मुलांनी ३ जून २०२० ची हकिगत ऐकली. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ खाडीपलीकडे श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले आणि मंडणगड-दापोलीपर्यंतच्या वाड्या त्याने लोळवल्या. काकूंच्या घरावरचे कौल उडाले. सासऱ्यांनी लावलेले माड आडवे झाले. नवे लावले आहेत. अरबी समुद्रावरील चक्रीवादळांची संख्या आणि तीव्रता अलीकडच्या दशकांत वाढल्याचे हवामानशास्त्रज्ञांचे अभ्यास सांगतात. काकूंनी असा कोणताही अभ्यास वाचलेला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “नवा माड धरेपर्यंत माझ्या सुनेच्या हातात कारभार जायचा.”

निघण्यापूर्वी शेवटचे काम होते भरतीच्या रेषेचा रोजमेळ. मुलांच्या जोड्या करून प्रत्येकीला शंभर पावलांचा पट्टा दिला. जे दिसेल ते लिहायचे आणि गोणीत भरायचे. तुटकी चप्पल, बाटल्यांची झाकणे, थर्माकोलचे तुकडे, मासेमारीच्या जाळ्याचे निळे दोर, औषधाची बाटली आणि पाकिटे, पाकिटे, पाकिटे. एजन्सीवाल्यांचा मुलगा एका पाकिटाशी बराच वेळ उभा राहिला. रंग उडाला होता तरी नाव वाचता येत होते. तो माल त्याच्या वडिलांच्या गोदामातून जातो. हेच पाकीट तेथूनच आले असेल असे नाही. पण तसे कोणी ठामपणे म्हणूही शकणार नव्हते.

“मॅडम, हे कुठल्या खात्याला टाकायचं?” त्याने विचारले.

मॅडमनी उलट विचारले, तुमच्याकडे न खपलेल्या मालाचे काय करतात? त्याला ते पाठ होते. “एक्सपायरी झाला की कंपनी परत घेते. आम्ही बिल करतो, क्रेडिट नोट येते.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “पण रिकामं पाकीट कोणीच परत घेत नाही.”

मोठमोठ्या चर्चासत्रांतून जे निष्पन्न होत नाही, ते तेरा वर्षांचा मुलगा वाळूत उभा राहून बोलून गेला. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादक आणि ब्रँडमालकांवर आपले वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणि केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदीही घातली. वेफर्सच्या पाकिटाला परतीची वाट मात्र अजून सापडलेली नाही. मालाला ती आहे, कारण मालाला किंमत आहे. त्या मुलाने पाकीट गोणीत टाकले नाही. वाळू झटकून, घडी करून त्याने ते वहीत ठेवले. ते वडिलांना दाखवणार होता की नाही, हे त्याने कोणाला सांगितले नाही.

वेसवीच्या धक्क्यावर फेरीबोटीला उशीर होता. मॅडमनी त्या वेळात बसचा हिशेब मांडायला सांगितला. जाऊन-येऊन साधारण चारशे किलोमीटर. चालकाकाकांनी सांगितले, गाडी लिटरला चार देते. म्हणजे डिझेल शंभर लिटर. एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे २७० किलो. मुलांनी आक्षेप घेतला, लिटरभर डिझेलचे वजन किलोभरही नसते, मग त्यातून पावणेतीन किलो कसे निघेल? डिझेलमधला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, उरलेले वजन त्याचे, हे उलगडून दिल्यावर त्यांनी २७० ला छत्तिसांनी भागले. माणशी साडेसात किलो. कासवे वाचवण्याचा धडा घ्यायला आलेल्या प्रत्येकाने आपल्या नावावर साडेसात किलो खर्ची टाकला होता. मग येऊ नये काय, असा वाद रंगला. एक गट म्हणाला, माहितीपट शाळेत बसूनही पाहता आला असता. उलट्या पिल्लाजवळ उभी असलेली मुलगी म्हणाली, की माहितीपटात हात मागे धरावे लागत नाहीत. मॅडमनी निकाल दिला नाही. आकडा वहीत लिहायला लावला, तेवढ्यात बोट लागली.

बोटीवर त्याच मुलीने मॅडमना विचारले, की आज गेलेल्यांतली एखादी मादी अंडी घालायला केव्हा परत येईल? बारा-पंधरा वर्षे तरी लागतील, त्या म्हणाल्या. मुलीने बोटांवर मोजले. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची असणार होती. तिच्या मैत्रिणीने लगेच आठवण करून दिली, की हजारात एक, आणि आज फक्त तेवीस गेली. त्यावर दोघींचे बागमांडले येईपर्यंत भांडण चालले.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मॅडमच्या फोनवर कासवमित्र काकांचा निरोप आला. सतरा क्रमांकाच्या खड्ड्यातून सोमवारी पहाटे ९१ पिल्ले बाहेर पडली होती. फळ्यावर तो आकडा लिहिला गेला आणि बत्तीस वह्यांत उतरला. एका वहीत पुढच्या रकान्यात बारीक अक्षरात शेरा होता: पाहिली नाहीत.